जुळलेलं हाड

"पण मग उपकार मानू तरी कोणाचे, बुवा?"

मार्तंड आचारी मठाच्या ओसरीवर बसून विचारत होता. समोर निळकंठबुवा तांदूळ निवडत होते.

मठाची पंगत रांधायची आणि वाढायची ती मार्तंडनंच. त्याच्या उजव्या हाताला पंचक्रोशीत मान होता, आणि ही गोष्ट मार्तंडइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. नेमकं त्याच खांद्याचं हाड रक्त न पोचल्यामुळे आतून मेलं. डॉक्टरीणबाईंनी मेलेला भाग काढून तिथे धातूचा गोळा बसवला.

"डॉक्टरीणबाईंचे मान की," बुवा म्हणाले.

"गेलो होतो. पाया पडू देईनात. आत शिरायला वाट हवी म्हणून त्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूच्या हाडाची कपची स्नायूसकट कापली होती. गोळा बसल्यावर ती दोऱ्यांनी परत बांधली. म्हणाल्या, मी फक्त बांधली. रक्त कमी असलेलं हाड, जुळेल की नाही याची मलाही धास्ती होती. जुळली ती तिची तिची."

"आणि जुळली नसती तर?"

"हात लुळा राहिला असता. पळी सुटली असती माझी. मग मी कोण, बुवा?"

बुवांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"काल खांद्याचा फोटो काढला. कपचीचा सांधा भरलाय." मार्तंडनं उजवा तळवा पोटावर ठेवला आणि दाबून दाखवला. दवाखान्यात त्याला हेच करायला लावलं होतं. "बघा, जोर लागतो." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

बुवांनाही बरं वाटलं. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"हाड जुळत होतं तेव्हा तू काय करत होतास?"

"काही नाही. हात गळ्यात बांधलेला. तो हलवायचा नाही, एवढंच काम."

"आणि जेवण?"

मार्तंड ओशाळला. "डाव्या हातानं... काय करणार? एकटा माणूस मी."

"रांधणं? अंघोळ?"

"त्याच हातानं. सांडत, लवंडत. ते सोडा आता. हा परत आला, हे खरं." आणि त्यानं उजवा खांदा कुरवाळला.

बुवा आत गेले. शिऱ्याचा प्रसाद घेऊन आले.

मार्तंडनं डोळे पुसले आणि उजवा हात पुढे केला.

बुवांनी प्रसाद दिला नाही.

"दुसरा," ते म्हणाले.

"डावा? प्रसादाला?"

बुवांनी मान डोलावली.

मार्तंडनं चाचरत डावा हात पुढे केला. त्याच्या बोटांवर चुलीच्या चटक्यांचे ताजे डाग होते. बुवांनी शिरा त्या तळव्यावर ठेवला आणि त्या हाताला नमस्कार केला.

"ज्यानं तुला भरवलं, मार्तंडा, तो अजून उपाशी आहे."