परवानगी उद्या मिळेल

एका राज्यात पाट्या फार होत्या. वडाच्या पारावर पाटी, विहिरीच्या काठावर पाटी, राजवाड्याच्या दारावर पाटी आणि दाराआडच्या दारावरही पाटी. राजा धवलकीर्ती मनाने भला, पण एक गोष्ट दोनदा सांगायचा त्याला कंटाळा. सांगायचे ते लिहून टांगावे असे त्याने ठरवले, आणि काय लिहायचे ते अमात्य शूलपाणीवर सोपवले.

अमात्य मजकूर करी आणि राही चितारीण तो फळीवर रंगवी. राहीचे अक्षर असे, की वाटेने जाणारा मजकूर सोडून वेलांटीच बघत बसे. मजकूर मात्र अमात्याचा. बागेतल्या बाकाशी लिहिले होते, "बाकावर बसू नये. बागेत उभे राहू नये." तळ्याच्या पायरीवर, "बुडणाऱ्याने आधी वर्दी द्यावी." चोरांनी फसावे म्हणून कोषागारावर, "येथे खजिना नाही." आणि अमात्याच्या स्वतःच्या कचेरीवर, "अमात्य आत नाहीत," कारण गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांचा त्याला त्रास होई. लोक वाचत, हसत आणि बाकावर खुशाल बसत.

राहीलाही हसू येई. एकदा तिने अमात्याला विचारले, की बागेत माणसाने बसायचे नाही आणि उभेही राहायचे नाही, तर करायचे काय. अमात्य म्हणाला, "बाई, तू हात आहेस. डोके आमचे आहे." त्यानंतर राहीने विचारणे सोडले.

मग धर्मशाळेची पाटी आली. "वाटसरूंनी परवानगीवाचून आत येऊ नये. परवानगी उद्या मिळेल." शेवटच्या ओळीपाशी राहीचा कुंचला थांबला. तिच्या मनात आले, की ही पाटी उद्याही हेच सांगेल आणि परवाही हेच सांगेल. पण रंग वाळत होता. तिने ओळ पुरी केली, आणि "उद्या" हा शब्द तर फारच देखणा उतरला.

त्या उन्हाळ्यात दोन म्हाताऱ्या बहिणी धर्मशाळेशी आल्या. धाकटी आजारी होती. थोरलीने पहारेकऱ्याकडे जागा मागितली, त्याने पाटीकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी मागितली, त्याने पुन्हा बोट दाखवले. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी धाकटीने पायरीवरच प्राण सोडला. थोरलीचे नाव ताम्रजटा. ती मोठी मायाविनी होती, पण बहिणीच्या दुखण्यापुढे तिची माया चालत नव्हती. बहिणीला खांद्यावर घेऊन ती वेशीपर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "लिहिलेले खरे होत नाही, म्हणून तुम्ही काहीही लिहिता. आजपासून तुमची प्रत्येक पाटी खरी होईल."

आणि तसे झाले. बागेत गेलेली माणसे बसेनात आणि उभी राहीनात, गुडघ्यात वाकून कशीबशी फाटकाबाहेर आली. कोषागार उघडले तर आत स्वच्छ झाडलेली फरशी. अमात्य कचेरीत शिरला तो दिसेनासा झाला. आतून त्याचे खोकणे ऐकू येई, पण अमात्य आत नव्हता, आणि लोकांना भिऊन तो बाहेरही येईना. राजवाड्याच्या दारावर "आत येणाऱ्याने आधी बाहेर जावे" असे होते. राजा येई, बाहेर जाई, पुन्हा येई, पुन्हा बाहेर जाई. शेवटी त्याने चिंचेखाली बिऱ्हाड केले. पाट्या उपटल्या तर सकाळी जागच्या जागी. रंग फासला तर अक्षरे रंगातून वर येत, पहिल्याहून ठळक.

राहीचा नवरा नागोजी नावाडी होता. शाप लागला तेव्हा तो नदीच्या मध्यावर होता, नावेत एकटाच. अलीकडच्या घाटावर लिहिले होते, "येथे नाव लावू नये." पलीकडच्या घाटावर, "येथे उतरू नये." मधल्या खडकावर, "येथे थांबू नये." आणि नदीभर पोहायला मनाई होतीच. तिन्ही मजकूर अमात्याचे आणि तिन्ही अक्षरे राहीची. नागोजी अलीकडे येई, नाव काठाला शिवत नसे. पलीकडे जाई, पाय नावेबाहेर पडत नसे. थांबावे तर नाव थांबत नसे. डोळा लागला तरी ती आपली इकडून तिकडे सरकत असे.

राही रोज भाकरी फडक्यात बांधून नावेत फेकी. कधी ती नावेत पडे, कधी पाण्यात. पाण्यात पडली की नागोजी म्हणे, की मासे उपाशी होते ते बरे झाले. चाळीस दिवस असे गेले. चाळिसाव्या दिवशी भाकरी नावेत पडली, पण ती उचलायला त्याला दोनदा वाकावे लागले. राहीने ते पाहिले आणि ती घाटाच्या पायरीवर बसून रडू लागली.

तिच्या डोक्यावर पाटीच्या कडेला एक भारद्वाज बसला होता. तांबड्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत तो म्हणाला, "रडून पाटी पुसत नाही."

"मग कशाने पुसते?"

"जिच्या शब्दाने ती खरी झाली, तिला विचार. ताम्रजटा उत्तरेच्या डोंगरात राहते. चालत तीन दिवस. त्या रानात तुमच्या राजाची एकही पाटी नाही, म्हणून आम्ही पाखरे तिथे सुखाने राहतो."

राहीने रंगाची पेटी उचलली, शेजारणीला रोजची भाकरी फेकायला सांगितले आणि ती निघाली. वेशीवर लिहिले होते, "बाहेर जाणाऱ्यांनी परत यावे." राज्यातली ती एकच पाटी तिला त्या दिवशी बरी वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती डोंगरातल्या झोपडीशी पोचली. दाराशी मातीच्या उंचवट्यावर एक कोरी शिळा उभी होती आणि शिळेशेजारी ताम्रजटा बसली होती. तिच्या तांबड्या जटा जमिनीवर लोळत होत्या. तिने विचारले, "कोण तू?"

"पाट्या रंगवते ती. राही माझे नाव."

"वाचता येते तुला?"

"येते."

"मग धर्मशाळेची पाटी लिहिताना वाचली होतीस?"

राही वाटभर या प्रश्नाचे उत्तर जुळवत आली होती. मजकूर अमात्याचा, हुकूम राजाचा, आपण नुसता हात. ते सगळे तिच्या तोंडाशी आले आणि शिळेकडे नजर जाताच परत फिरले. ती म्हणाली, "वाचली होती. हात थांबलाही होता. मग पुरी केली."

ताम्रजटेने तिच्या रंगाच्या पेटीकडे पाहिले. मग म्हणाली, "खोटे बोलली असतीस तर इथेच दगड झाली असतीस. तीन पाट्या लिहून दे, मग बघू."

पहिली पाटी झऱ्याची. ताम्रजटेने सांगितले, की झऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला पाटीचा उपयोग झाला पाहिजे. राही फळी घेऊन झऱ्यावर गेली आणि आधी नुसती बघत बसली. हरणे आली, रानडुकरे आली, एक लंगडा वाघ आला. पाणी करवंदीच्या जाळीत अडकले होते. प्रत्येकाच्या नाकाला काटे लागत आणि प्रत्येक जण तहान अर्धी ठेवून परते. यांतल्या कोणाला वाचता येत नव्हते. राहीने दोन दिवस खपून जाळी तोडली, काटे वेचले, चिखलात दगड बसवले. तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडले. तिसऱ्या दिवशी लंगडा वाघ पोटभर प्यायला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. राहीने कोरी फळी ताम्रजटेपुढे ठेवली आणि सांगितले, की तिथे पाटीची गरज उरली नाही. ताम्रजटा म्हणाली, "एक झाली."

दुसरी पाटी दरीच्या फाट्याची. त्या दरीत एक शापित खजिना होता. ऊन पडले की त्याची झळाळी वरपर्यंत येई, आणि खाली उतरणारा माणूस त्याला हात लावताच दगड होई. फाट्यावर जुन्या राजांनी पाट्या लावल्या होत्या: "जाऊ नये," "जाण्यास सक्त मनाई," "गेल्यास कडक शासन." त्या वाचूनच लोक उतरत, कारण एवढी मनाई आहे म्हणजे खाली काहीतरी असलेच पाहिजे.

राही कड्याच्या टोकाशी पालथी पडून खाली बघत राहिली. दगडी माणसे मोजली. एकाच्या खांद्यावर अजून शिदोरी होती, एकाने हात पुढे केलेला होता. मग तिने जुन्या पाट्यांशेजारी फळी रोवली आणि लिहिले: "इथून खाली गेलेले तेवीस जण अजून खालीच उभे आहेत. इथून पुढे वाका, म्हणजे दिसतील. घरी जायची वाट उजवीकडे."

दुपारी एक तरणा घोडेस्वार आला. जुन्या पाट्या वाचून त्याचे डोळे लकाकले. मग त्याने राहीची पाटी वाचली. तो घोड्यावरून उतरला, कड्याशी जाऊन वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा त्याने राहीला एवढेच विचारले, की उजवीकडच्या वाटेवर पाणी लागते का. राहीने लागते म्हणून सांगितले. तो गेला.

ताम्रजटा म्हणाली, "दोन झाल्या. तिसरी या शिळेवर."

राहीने कुंचला भिजवला आणि पुन्हा कोरडा केला. तिने विचारले, "माय, तुमच्या बहिणीचे नाव काय होते?"

ताम्रजटेचा चेहरा हलला. सात दिवस त्या दोघी दाराशी होत्या. पाटी सगळ्यांनी दाखवली होती, नाव कोणीच विचारले नव्हते. ती म्हणाली, "बकुळा."

मग ती बोलत राहिली. बकुळेला उंचीची भीती वाटे, म्हणून आकाशमार्गाने जाण्याची विद्या येत असून ती पायी चाले. तिला ताक आवडे. आंधळ्या पाखरांना ती बोट धरायला शिकवी. पाचव्या दिवशी पायरीवर पडल्या पडल्या ती म्हणाली होती, की ताई, पाटीवरचे अक्षर किती सुंदर आहे बघ. हे ऐकले आणि राहीने पदर तोंडाला लावला.

उन्हे कलली तेव्हा तिने शिळेवर लिहिले. वेलांट्या साध्या काढल्या, कुठे नक्षी नाही. "बकुळा. धर्मशाळेच्या दाराशी सात दिवस बसली होती. दार उघडले नाही." आणि खाली बारीक अक्षरात, "दारावरची पाटी मी लिहिली होती. लिहिताना वाचली होती. राही."

ताम्रजटेने शिळा वाचली. अक्षरांवरून एकदा बोट फिरवले. मग म्हणाली, "उच्चारलेला शब्द मला मागे घेता येत नाही. पण तुझ्या राज्यातल्या कोणत्याच पाटीला धनी नाही, म्हणून माझा शाप त्यांना धरून बसला. प्रत्येक पाटीखाली लिहिणाऱ्याने आणि लिहवणाऱ्याने आपले नाव घालावे. नाव पडले की ती नुसती फळी. मात्र पहिली धर्मशाळेची. ती सोडून दुसरीला हात लावलास तर रंग धरणार नाही."

राही तीन दिवसांची वाट दोन दिवसांत चालली. वेशीआधीच्या चढावरून नदी दिसली. नाव सरकत होती, आणि नागोजी वल्ह्यावर डोके टेकून पडला होता. ती धावत घाटावर गेली आणि तिने हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्याने मान उचलली. तिने सांगितले, की आधी धर्मशाळेत जावे लागेल, मग इकडे. तोवर तग धरवेल का, हे मात्र तिला विचारवेना.

नागोजीने तिच्याकडे पाहिले. म्हणाला, "आधी जिथे जायचे तिथे जा. मी कुठे जातो आहे?"

राही धर्मशाळेशी आली. पाटीखाली तिने लिहिले, "हे मी लिहिले. राही." पण मजकूर अमात्याचा होता. ती कचेरीच्या दाराशी गेली आणि रिकाम्या खोलीला झाले ते सगळे सांगितले: सात दिवस, पायरी, बकुळा, आणि पाटीखाली लागणारे त्याचे नाव. आतले खोकणे थांबले. अमात्याने लगेच होकार दिला नाही. एवढ्या पाट्यांखाली आपले नाव दिसले तर लोक काय म्हणतील, असे त्याचा आवाज म्हणाला. राहीने उत्तर दिले, "लोक आत्ताही म्हणतात. तुम्ही आत नाही म्हणून तुम्हांला ऐकू येत नाही."

थोड्या वेळाने पावले वाजली आणि उंबऱ्याबाहेर अमात्य शूलपाणी दिसू लागला. तो वाळला होता आणि पुष्कळ दिवस कोणाशी बोलला नव्हता. धर्मशाळेशी येऊन त्याने राहीच्या नावाखाली आपले नाव घातले. अक्षर अगदीच वाईट होते. त्याच क्षणी "उद्या" हा शब्द पापुद्र्यासारखा सुटून खाली पडला, आणि धर्मशाळेचे दार आपोआप उघडले.

तिथून दोघे नदीवर धावले. अमात्याला धावायची सवय नव्हती, पण तो धावला. अलीकडच्या घाटावर दोन नावे पडली आणि नाव काठाला लागली. नागोजीने पाय जमिनीवर ठेवला तो त्याला उभे राहता येईना. जमीन हलत नाही याचेच त्याला नवल वाटत होते. राहीने त्याला धरले. तो तिच्या ओरबाडलेल्या हातांकडे बघत राहिला आणि काय झाले म्हणून विचारू लागला. तिने सांगितले, की सगळे सांगते, आधी घरी चला.

पुढे महिनाभर राही आणि अमात्य राज्यभर पाट्यांवर नावे घालीत हिंडले. राजा राजवाड्यात शिरला, खजिना जागेवर आला, बागेत माणसे बसली. स्वतःचे नाव घालावे लागते म्हटल्यावर अमात्य मजकूर चारदा वाचू लागला, आणि वाचता वाचता बऱ्याच पाट्या नकोतच असे त्याला वाटू लागले. त्यांच्या फळ्यांचे राजाने नदीवर दोन नवे धक्के बांधले. धर्मशाळेची पायरी मात्र राहीने स्वतः धुतली, आणि वर्षातून सात दिवस ती तिथे येणाऱ्याला नाव विचारून ताक देऊ लागली. सातव्या दिवशी कधी कधी एक तांबड्या जटांची म्हातारी येई, ताक पिई आणि उत्तरेला निघून जाई.

ज्याचे दार त्याला उघडले, ज्याची वाट त्याला मिळाली. सांगणाऱ्याची कहाणी इथे सरली. ऐकणाऱ्यांचे कल्याण असो.