शिंगराची चंदी

जिथे जंगल संपून शेतं सुरू होतात ना, तिथे एक घोडी राहायची. तिला एकच शिंगरू, तेही नुकतंच तापातून उठलेलं. बरगड्या लांबूनसुद्धा मोजता येतील, इतकं वाळलेलं. आणि नेमका तेव्हाच ओढा आटायला लागला. कळपाच्या म्होरक्याने सांगून टाकलं, "चार दिवसांनी डोंगरापलीकडे निघायचं. ज्याला चालवत नाही, त्याच्यासाठी थांबता येणार नाही."

आता ही घोडी शिंगराची चंदी, म्हणजे खुराक हो, फार जपून बनवायची. शेतात सांडलेले हरभरे वेचायची, संध्याकाळी दगडी डोणीत भिजत घालायची, सकाळी टम्म फुगले की त्यात गव्हाचा कोंडा कालवायची. आणि द्यायची किती, तर चार घास. दर दोन-तीन दिवसांनी एक घास वाढवायचा, बस. तिच्या आईने तसंच शिकवलं होतं.

शेजारची म्हैस हे सगळं बघत असायची. मनाने फार चांगली हं ती. म्हणाली, "अगं बाई, चार घासांत कुठे अंग धरणार ते? माझं रेडकू बघ केवढं झालंय. आम्ही नाही बाई भिजवत बसत. कोरडंच पोटभर गिळायचं, मग सावलीत बसून सावकाश चघळायचं."

"आमच्यात असं नाही करत गं," घोडी म्हणाली.

"करून बघितलंयस कधी?"

नव्हतं बघितलं. आणि दिवस तर चारच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वेचून साठवलेल्या हरभऱ्यांचा अख्खा ढीग शिंगरापुढे ओतला, कोरडाच. शिंगराने एवढं खाणं एकदम कधी पाहिलंच नव्हतं. बकाबका खाल्लं, वर ढसाढसा पाणी प्यायलं आणि चक्क दोन उड्या मारल्या. घोडीला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दुपारी ते आडवं पडलं. सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायचं, लोळायचं, उठायचं, परत लोळायचं. हरभरे आत फुगत होते. म्हैस धावतच आली. "घाबरू नकोस, राजा. थोडं वर काढ आणि नीट चघळ. रवंथ कर."

शिंगराने तिच्याकडे बघितलं. "मावशी, वर कसं काढायचं?"

म्हशीला वाटायचं, हे सगळ्यांनाच येतं. घोड्यांना येत नाही. त्यांच्या पोटात गेलेलं परत तोंडात येतच नाही.

संध्याकाळी शिंगरू गेलं.

कळप ठरल्या दिवशी निघाला. घोडीला चालवत होतं, पण ती गेली नाही. म्हैस अजून रोज तिच्यापाशी येऊन बसते, पण दोघी बोलत नाहीत. घोडी उरल्यासुरल्या पाण्यात हरभरे भिजत घालते आणि सकाळी ते फुगले की नुसती बघत उभी राहते.

तात्पर्य : सांगणाऱ्याची माया खरी असली, तरी त्याचं पोट वेगळं आणि आपलं वेगळं. आपल्या लेकराच्या पुढ्यात काही ओतायच्या आधी एवढं आठवा.