बाहत्तरला चार कमी

"चाचा, म्हणजे मी अजून तयार नाही?"

इलाहीने हे तिसऱ्यांदा विचारलं. दर्ग्याच्या भटारखान्यात सहा वर्षं काढलेला गडी. शहरातल्या एका हॉटेलात त्याला आचाऱ्याची जागा मिळाली होती आणि उद्याच रुजू व्हायचं होतं. पण उस्ताद दस्तगीरचाचांनी 'जा' म्हटल्याशिवाय त्याचा पाय उचलत नव्हता.

चाचा निखाऱ्यांवरची बोकडाची अख्खी मांडी फिरवत राहिले.

"हे शिजलंय का, ते सांग आधी."

इलाही याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने खिशातून मांसाची उष्णता मोजायचा नवा कोरा थर्मामीटर काढला, त्याची सळई मांडीत खुपसली आणि आकडा दिसताच छाती फुगवली.

"चौऱ्याहत्तर! बाहत्तर अंशांना शिजतं, चाचा. झालंय."

चाचांनी सुरीने एक चीर दिली. आत लालभडक.

इलाहीचं तोंड एवढंसं झालं. "यंत्रच खोटं निघालं…"

"त्याला कशाला बोल लावतोस? टोक हाडाला टेकवलंस तू. हाड मांसाच्या आधी तापतं, लेका. हाडाला विचारलंस, हाडानं आपलं सांगितलं."

चाचांनी सळई उपसली आणि जिथे मांस सगळ्यांत जाड होतं तिथे हळूच, मध्यापर्यंत सरकवली.

"याला जे काय कळतं ते टोकाशीच कळतं."

आकडा हलू लागला. इलाही बोलायला गेला, तर चाचांनी ओठांवर बोट ठेवलं… आकडा एकावन्नावर येऊन थांबला.

मग दोघे निखाऱ्यांपाशी आकडा चढायची वाट बघत बसले. चाचांनी आपल्या कपातला अर्धा चहा त्याला ओतून दिला. सहा वर्षांत त्यांनी त्याला हजार शिव्या घातल्या होत्या आणि एकदाही उपाशी झोपू दिलं नव्हतं. इलाहीचा फार जीव होता त्यांच्यावर.

अडुसष्ट झाले तशी चाचांनी मांडी खाली उतरवली.

"चाचा, अजून चार कमी आहेत!"

"असू देत."

त्यांनी मांडीवर परात पालथी घातली. सळई आतच, आकडा तेवढा बाहेर.

"आता वारा लागू द्यायचा नाही."

इलाही आकड्याकडे बघत बसला. एकोणसत्तर… सत्तर… विस्तव चार हात लांब होता, तरी आकडा चढतच होता.

बाहत्तर.

"आग नसताना?"

"वरची ऊब आत जायला वेळ लागतो, बाळा."

इलाहीने सळई काढून पुसली. धुराचं निमित्त करून डोळेही पुसले.

"आणि… मी, चाचा?"

चाचांनी खांद्यावरची शाल काढून त्याच्या गळ्याभोवती नीट गुंडाळली.

"सकाळच्या एसटीनं नीघ. आणि खिडकीशी बसू नकोस, वारा लागेल."