म्हाळूची शेवटची पायरी

उंबराईच्या डोंगरावर निम्म्या वाटेत पायऱ्या संपतात. समोर घळ. घळीपलीकडे, पुरुषभर उंचावर, वरून आलेल्या पायऱ्याही तशाच अधांतरी संपतात. पुढे जायला कड्याच्या कडेने आडवी वाट धरावी लागते. पाहुणे हसतात, कारागिरांची अक्कल काढतात. देवीचा गुरव त्यांना पोटभर हसू देतो आणि मग सांगायला बसतो.

हैबती आणि म्हाळू हे भाऊ जातीचे पाथरवट. थोरला हैबती लहानपणी तापाने फणफणला, तेव्हा आई कोंडाईने नवस बोलला होता, पोर वाचलं तर माझ्या पायांनी चढून देवीची ओटी भरीन. पोर वाचले, पण संसाराच्या रगाड्यात नवस राहिला आणि म्हातारीचे गुडघे गेले. तेव्हा भावांनी पायऱ्या घडवायला घेतल्या. हैबती वरून खाली येणार, म्हाळू खालून वर जाणार. मध्ये कड्याचे पोट, एकाचे काम दुसऱ्याला दिसत नसे. म्हणून दिवस मावळताना म्हाळू बाजूच्या टेकाडावर जाऊन दोन्हीकडचे बघे आणि हाक देई.

"दादा, तुझी रांग उगवतीकडं सरकतीया!"

हैबती ऐके, सुधारे. पण पुढे थोरलेपण आडवे आले. एका संध्याकाळी तो वरून ओरडला, "मला शिकवतोस व्हय? पुरं झाल्यावर बोल!"

म्हाळूही त्याच आईचा. त्याने टेकाडावर जाणेच सोडले.

आधी हैबतीला बरे वाटले, म्हणे. मग दिवस कलला की कान आपोआप खाली लागू लागले. वर वारा आणि देवी, दोघांनाही बोलायचे नसे. छिन्नी खाली ठेवली की त्याला फार एकटे वाटे. त्याने हाक मारली असती तर म्हाळूने ओ दिलीच असती. पण जीभ उचलेना.

जत्रा तोंडावर आली तेव्हा दोघे कड्याचे पोट ओलांडून समोरासमोर आले, तो रांगा चुकलेल्या आणि मध्ये घळ. लोकांनी अडवले तरी कोंडाई निघालीच. टेकत टेकत म्हाळूच्या शेवटच्या पायरीवर पोचली. पलीकडे हैबती खाली मान घालून उभा.

"एवढ्या जवळ हुतास, आन् एक हाक मारली न्हाईस रं?"

तिने ओटी त्याच पायरीवर ठेवली आणि उतरली. पुढची जत्रा तिने पाहिली नाही.

तिचे दिवसकार्य उरकून हैबती वर गेला आणि त्याने हाक मारली, असे सांगतात. "म्हाळू, बघाय ये रं. कुठं चुकतंय सांग." म्हाळू आला. रोज एकमेकांना विचारत दोघांनी ही आडवी वाट खोदली. जिच्यासाठी खोदायची, ती मात्र नव्हती.

आजही या गावात घर असो की मांडव, दिवस मावळताना थोरला धाकट्याला बोलावतो आणि धाकट्याला काहीतरी खोट काढावीच लागते. नुसते "झ्याक" म्हणणाऱ्याला चहा मिळत नाही. आणि जत्रेची पहिली ओटी देवळात जात नाही. गावातली सगळ्यात म्हातारी बाई ती म्हाळूच्या शेवटच्या पायरीवर ठेवते, घळीपलीकडे बघते आणि आडव्या वाटेला न लागता परत फिरते.