पहारेकऱ्याच्या गाठी आणि चावडीचा फळा

तटबंदीच्या एका गावाला वेस एकच होती, आणि वेशीवर पहारेकरीही एकच. माणूस सरळ. उगाच कुणाला अडवायचा नाही, उगाच सोडायचाही नाही.

कोणत्या वाडीची माणसं अडवायची, ते पाटील रोज सकाळी चावडीवरच्या फळ्यावर लिहीत. चावडी शंभर पावलांवर. दर माणसामागे कोण चालणार? म्हणून पहारेकऱ्याने उपरण्याला गाठी मारल्या. एका वाडीची एक गाठ. पुढे कुठली गाठ कुणाची तेच आठवेना, म्हणून कागदावर यादी केली. यादी वाऱ्याने उडायची, म्हणून दारावर खडूच्या खुणा केल्या. फळा बदलला की बिचारा गाठी सोडत, यादी खोडत, खुणा पुसत बसायचा. कामचुकार मुळीच नव्हता हो, उलट घामाघूम व्हायचा.

ओढ्यापलीकडच्या वाडीत तापाची साथ आली आणि ती वाडी बंद झाली. साथ सरली, तशी एका सकाळी पाटलांनी फळ्यावरून तिचं नाव पुसलं. थोड्याच वेळात त्या वाडीतली म्हातारी शेळी घेऊन वेशीवर आली. गावात आईविना एक तान्हं बाळ होतं. त्याला गाईचं दूध पचत नव्हतं. इतके दिवस पेजेच्या पाण्यावर ते पार सुकून गेलं होतं.

"थांब आजी, तुझी गाठ आहे अजून."

"माझी गाठ तुझ्या उपरण्याला कशाला रे मेल्या?"

तेवढ्यात बाळाचे आजोबा धावत आले. "अरे, पोर आता रडतही नाही. सोड तिला."

"सोडतो हो काका. पण खूण पुसलेली आहे, ती मी पुसली की येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगाने, आठवत नाही. गाठ तशीच आहे, यादीत शेजारचं नाव खोडताना हिचं अर्धंच खोडलंय. चुकून साथ आत आली तर? जरा जुळवून बघतो."

तो जुळवत बसला. ऊन चढलं. जुळेचना.

म्हातारी म्हणाली, "तिन्ही तुझ्याच हातच्या ना? मग एकीला विचारून दुसरीचं काय कळणार? पाटलांनी काय लिहिलंय ते बघ की."

पहारेकरी धावत सुटला. फळ्यावर वाडीचं नाव नव्हतं.

त्याने दार उघडलं आणि म्हातारीच्या मागोमाग बाळाच्या घरापर्यंत गेला. म्हातारीने अंगणात शेळीची धार काढली, कापसाचा बोळा बुडवून बाळाच्या ओठांना लावला. तीन बोळे ओघळून गेले. चौथ्याला बाळाने घोट घेतला. पहारेकरी उंबऱ्याशी उभा राहून रडला.

परत येऊन त्याने गाठी सोडल्या, यादी फाडली, दार धुऊन काढलं.

"रोज इतकं चालशील? पाय दुखतील," पाटील म्हणाले.

"पाय चोळता येतात, पाटील."

तेव्हापासून वेशीवर कुणी आलं की तो म्हणतो, "बसा घटकाभर, फळा बघून येतो." लोक थोडे कुरकुरतात, पण बसतात.

तात्पर्य: खरं एका जागी लिहिलेलं असेल, तर चार पावलं चालून तेच बघावं, त्याच्या नकला सांभाळण्यात कष्ट जातात आणि ऐन वेळी त्याच वाट अडवतात.