कांचन कुणाच्या घरी पाणी पिते?

"सगळं गाव गोळा केलं मी पोरांसाठी, बाबा. मग माझीच लेक माझ्याशी का बोलत नाही?"

शेवंता धड टेकलीसुद्धा नव्हती, तोच तिनं विचारलं. टेकडी चढून धाप लागलेली, पदर खांद्यावरून घसरलेला.

टेकडीवरच्या तकियात, आपल्या फकिरी झोपडीपुढं, मुनीरबाबा उन्हाला दोरी वळत बसले होते. बाबांचं एक होतं. माणूस कितीही घाईनं येवो, आधी त्याला पाणी मिळायचं, उत्तर मागाहून.

त्यांनी पाणी दिलं. शेवंतानं घटाघटा पिऊन टाकलं.

"दहावीला नापास झाली, तेव्हापासून कांचन गप्प आहे. परवा विहिरीच्या काठावर जाऊन बसली होती, बाबा..."

बाबांनी दोरी वळता वळता विचारलं,

"घरी कुणी आणली?"

ते जणू ऐकलंच नाही. शेवंतानं पिशवीतून कागद काढला.

"म्हणून तर मंडळ केलंय. पोरांची काळजी वाहायला गावातली चांगली चांगली माणसं निवडली. इर्जिकच म्हणा ना! एकाचं रान नांगरायला सगळ्यांच्या बैलजोड्या येतात, तशी."

"वा! मोठं काम केलंस. वाच की नावं."

शेवंताचा आवाज चढला. "सरपंच."

"कांचन त्यांच्या घरी पाणी पिते?"

"ती कशाला जातेय तिथं? हेडमास्तर."

"त्यांच्याकडं?"

"त्यांना तर चळाचळा कापते. नर्सबाई..."

"आणि त्यांच्याकडं?"

तेरा नावं झाली. तेरा वेळा बाबांनी तेच विचारलं, जराही न कंटाळता. शेवंता वैतागली.

"बाबा, मंडळ काढलंय मी, पाणपोई नाही!"

बाबा पोट धरून हसले. मग हळूच म्हणाले,

"तुझ्या हातचं पिते?"

शेवंतानं कागदाची घडी घातली.

"तांब्या ठेवते उशाशी. सकाळी तसाच भरलेला असतो."

बाबांची दोरी थांबली होती.

"भामाच्या खोपटात जाते," शेवंता खाली बघत म्हणाली. "काठावरून तिनंच उठवून आणली. केस विंचरून दिले, भाकरी चारली. तिच्यापाशी बोलते म्हणे. हसतेसुद्धा."

"भामाचं नाव कितवं?"

"काय बोलता बाबा! हातभट्टी लावते ती! मंडळाचं पहिलं काम तेच केलं आम्ही. तिची मडकी फोडली. पहिला दगड मीच..."

शेवंता मध्येच थांबली.

"पोरांना दारू विकते ती," ती म्हणाली. पण आवाज निम्मा झाला होता.

"विकते. वाईटच ते." बाबांनी मान हलवली. "का गं, इर्जिकीला लंगडा बैल आला तर माघारी लावतात?"

"छे! धन्याचा अपमान होतो. जोडीला धडधाकट बैल देतात. चालतो मग नांगराच्या तासाला."

बोलून गेली, आणि स्वतःच्याच बोलण्याकडं बघत राहिली.

मग तिनं डोळे पुसले, पिशवीत हात घालून पेन काढलं आणि कागद मांडीवर सरळ केला.

"लिहिते, बाबा. चौदावं नाव भामाचं."

बाबांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"लिहू नकोस, पोरी. तिच्या दारात जा, आणि विचार... तुझ्या मंडळात मला घेतेस का?"