टुण्याचा गुडघा

माणसांनी विहिरी खणायच्याही आधीची गोष्ट. एका तळ्याच्या राजाला उंच उडी मारून चेंडू टोपलीत टाकायच्या खेळाचं भारी वेड. उन्हाळ्यात सगळे बेडूक चिखलात झोपत. ढबू बेडूक मात्र आपल्या थोरल्याला, टुण्याला, उठवून उड्या मारायला लावी.

"झोपाळूंना राजाच्या संघात कोण घेतं?" तो म्हणे.

टुण्या संघात गेला आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा निखळला.

कासववैद्यांनी पाय चाचपला. "पोर कोवळं आहे, ढबूराव, पण गुडघे माझ्या वयाचे झालेत."

ढबूला चूक कळली. टुण्याची तयारी आपण फारच उशिरा सुरू केली.

घरी येताच त्याने धाकट्याला हाक मारली, "चल, उड्या मार."

"बाबा," शेपूट हलवत धाकटा म्हणाला, "मला अजून पाय फुटायचेत."